गाईची चानकी

सहदेव गुरुजींचं भाषण सगळ्या परिसरात प्रसिद्ध होतं, आणि ते एकच होतं. जानेफळच्या आसपास कुठल्याही बौद्ध घरातलं माणूस गेलं की पुण्यानुमोदनाच्या दिवशी मांडव कुठं घालायचा, भाजी कशाची करायची यावर चार मतं पडत. आदरांजलीचं मुख्य भाषण कोणी करायचं यावर मात्र कधी वाद झाला नाही. गुरुजी पांढराशुभ्र सदरा घालून येत. त्रिशरण-पंचशील झालं की माइकपाशी उभे राहत, खिशातून निळी डायरी काढत आणि तिच्यात न बघताच सुरू करत, "आज आपण एका मनमिळाऊ, कष्टाळू, शांत, संयमी, मितभाषी व्यक्तिमत्त्वाला मुकलो आहोत."

प्राथमिक शाळेत छत्तीस वर्षं शिकवून कमावलेला आवाज तो! 'व्यक्तिमत्त्व' हा शब्द ते असा उच्चारत की मागच्या रांगेत तंबाखू मळणारा हातही थांबावा. गेलेला माणूस पुरुष असेल तर पुढे 'निर्व्यसनी' लागायचं, आणि ते लावणं अगदीच अवघड असेल तर 'दिलदार'. बाई असेल तर 'स्वतः उपाशी राहून दुसऱ्याला खाऊ घालणारी माउली'. एवढाच काय तो फरक. लोकांनाही त्यात काही खटकत नव्हतं, हे मान्य केलं पाहिजे. लग्नात मंगलगाथा जशी सगळ्यांना तीच असते, तसं मेल्यावर गुरुजींचं भाषण सगळ्यांना तेच, असा हिशोब होता.

मग कलाबाई गेली.

कलाबाई गुरुजींपासून दोन घरं सोडून राहायची, तीही चाळीस वर्षं. नळावर तिचा आवाज लागला की विहारापाशी बसलेल्या म्हाताऱ्यांना कळायचं, आज पाणी आलं. एस.टी.चा कंडक्टर तिला बघून आधीच सीट मोकळी करून ठेवायचा. अशा कलाबाईच्या फोटोसमोर, मेणबत्त्यांच्या उजेडात, भरल्या मांडवात गुरुजी म्हणाले, "मितभाषी!"

बायकांच्या बाजूला कोणीतरी फिस्सकन हसलं. मग पुरुषांकडे खोकल्याची साथ आल्यासारखं झालं. गुरुजींना आधी कळेचना. त्यांनी भाषण तसंच पुढे रेटलं, शेवटचं 'विनम्र अभिवादन' केलं आणि बसायला वळले. तेवढ्यात कलाबाईची मुलगी सुवर्णा उठली. ती देऊळगाव राजाला एका दवाखान्यात नर्स होती. तिला वाढताना गुरुजींनी बघितलेलं, पहिलीत बाराखडीही त्यांनीच गिरवून घेतलेली.

"गुरुजी, राग नका येऊ देऊ," ती म्हणाली. "तुम्ही बोलले ते सारं चांगलंच होतं. पण ते माह्या मायचं नाही वाटलं. तुम्ही चाळीस वर्षं आमच्याजवळ राह्यले. तिची एक गोष्ट सांगा ना. एकच. मले संगं न्यायले."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर गुरुजींना सोपं गेलं असतं. त्यांनी माइक पुन्हा हातात घेतला, तोंड उघडलं आणि तसेच उभे राहिले. कलाबाईचा चेहरा आठवत होता, आवाज तर कानात वाजत होता, पण तिची म्हणून सांगावी अशी एक गोष्ट हाताला लागेना. मांडवातली दीडशे माणसं वाट बघत होती.

"फार... कष्टाळू होत्या," गुरुजी म्हणाले, आणि खाली बसले.

आणि मग जे कधी झालं नव्हतं ते झालं. बायकांच्या घोळक्यातून गुरुजींची बायको, अन्नपूर्णाबाई, गुडघ्यावर हात टेकत उठली. माइककडे ती गेलीच नाही. होती तिथूनच बोलली.

"सुवर्णा, तुह्या मायनं एका कोंबडीचं नाव रुक्मिणी ठेवलं होतं. तिच्या नणंदेचं. रुक्मिणीबाई अथीच बसल्या हायेत, त्यायलेबी माहीत हाय. सकाळी खुराडं उघडलं का कलाबाई सुरू, 'काय वं रुक्मे, लय माजली तू! खाऊन खाऊन बसली, कामाले हात नाही लावत!' आता कोंबडीले बोलून राह्यली म्हटल्यावर तिले कोण मना करन?"

मांडव खदाखदा हसला. पुढच्या सतरंजीवर बसलेल्या रुक्मिणीबाईही बोळक्या तोंडाने हसल्या.

"मंग रुक्मिणीबाई बिमार पडल्या," अन्नपूर्णाबाई म्हणाली. "उठल्या तेव्हा अंगात काही राह्यलं नव्हतं. कलाबाई महिनाभर रोज त्याच कोंबडीचं अंडं उकडून पदराखाली झाकून न्यायची. आन म्हणायची, 'खाय वो बाई, तुहंच हाय.'"

रुक्मिणीबाईंचं हसू तसंच तोंडावर राहिलं आणि त्यांनी एकदम गळा काढला. सुवर्णा धावत जाऊन त्यांच्या गळ्यात पडली. त्या दिवशी कलाबाईसाठी पहिल्यांदा मांडव खरोखर रडला, आणि त्यात गुरुजींच्या 'व्यक्तिमत्त्वा'चा काही वाटा नव्हता.

घरी परतताना गुरुजी चार पावलं पुढे चालत होते. रागावले की ते पुढे चालत. घरापाशी आल्यावर कडी काढता काढता म्हणाले, "लोकाईसमोर उठून बोलायची काय गरज होती?"

"तुम्ही बसले म्हणून उठली," अन्नपूर्णाबाई म्हणाली. मग चपला भिंतीशी सरळ लावून तिने जरा दम घेतला. "अवो, एक सांगून ठेवतो. माह्या टायमाले तुम्ही बोलू नोका."

"म्हणजे?"

"म्हणजे मी मेली का माइकपाशी जायचं नाही. दुसरं कोणीबी बोलो. नाही बोललं तरी चालीन. तुमचं ते भाषण मले नाही पाह्यजे. त्याच्यात मी कुठं सापडनार? कोणाचाबी फोटो ठेवा अन् वाचा."

गुरुजींना हे फार लागलं. दोनशे घरांत त्यांनी दुःख हलकं केलं होतं, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं, आणि स्वतःच्या घरातच आता मनाई झाली होती. पण मास्तर माणूस, असा हार थोडाच मानणार? खुर्चीत बसून त्यांनी थेट धम्माचा आधार घेतला.

"तथागतानं काय सांगितलं? 'मी', 'माझं' असं काही नसतेच. सगळं बदलत राह्यते. पाच स्कंध जमले, त्याले आपण माणूस म्हणतो. मंग वेगळं सांगायले उरते काय?"

"नसंन उरत," अन्नपूर्णाबाई चुलीपाशी जात म्हणाली. "पण मंग भाजीत मीठ कमी पडलं का ओरडते कोण?"

भाजी आली ती नेमकी अळणी होती, आणि त्यांनी ती मुकाट्याने खाल्ली.

दुसऱ्या दिवसापासून गुरुजी कामाला लागले. डायरीचं कोरं पान काढलं, वर 'अन्नपूर्णा' असं वळणदार लिहिलं, खाली रेघ मारली. पहिला शब्द हाताने आपसूकच लिहिला, 'कष्टाळू'. मग थांबले. वस्तीतली कोणती बाई कष्टाळू नव्हती? खोडला. 'मनमिळाऊ' लिहिला. तो अर्ध्या गावाला बसत होता, उरलेल्या अर्ध्या गावाला त्यांनीच बळेबळे बसवला होता. खोडला. 'सोशिक', 'समजूतदार', 'प्रेमळ'. पान भरलं, आणि सगळं काट मारलेलं.

मुलांना ते शिकवायचे, जे व्यक्त होतं, दिसून येतं, ती व्यक्ती. फळ्यावर लिहून दाखवायचे. आता त्यांच्या मनात आलं, दिसून येतं ते कोणाला? बघणाराच नसेल तर? आणि आणखी एक गोष्ट त्यांना बोचू लागली. वस्तीत कोणी कोणाचं 'व्यक्तिमत्त्व' म्हणत नसे. म्हणत, तिची ती खोड आहे, त्याची ती तऱ्हाच आहे, तिची चाल लांबून ओळखू येते. शाळेत 'खोड' म्हणजे घालवायची गोष्ट होती. पण त्यांनी आयुष्यभर वाटलेली व्यक्तिमत्त्वं सगळ्यांची मिळून एकच निघत होती, आणि खोड मात्र ज्याची त्याची होती. कलाबाईची कोंबडी दुसऱ्या कोणाला लावता आली नसती.

मुलगी अकोल्याला होती. तिला फोन केला. "प्रेरणा, तुही आई कशी हाय, सांग बरं."

"काऊन? काय झालं आईले?" प्रेरणा घाबरली.

"काही नाही झालं. मी फक्त विचारून राह्यलो, कशी हाय म्हणजे, तिचं वेगळं असं काय."

पलीकडे बराच वेळ कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या. "आई म्हणजे आई, बाबा," प्रेरणा म्हणाली. "असं कसं सांगता येईन? तुम्ही तिच्यासंगं राहता. तुमालेच माहीत."

त्याच आठवड्यात शेजारच्या खेड्यातला प्रेमानंद आला. त्याचे वडील वारले होते, रविवारी कार्यक्रम होता, गुरुजींनी यावं. नेहमीसारखे 'येतो' म्हणून मोकळे होण्याऐवजी गुरुजींनी त्याला बसवलं, चहा सांगितला आणि विचारलं, "तुह्ये बाबा कसे होते?"

"चांगले होते, गुरुजी."

"चांगले म्हणजे?"

प्रेमानंद अवघडला. "म्हणजे... मनमिळाऊ."

आपलीच भाकरी आपल्याच ताटात परत आल्यावर गुरुजी काय बोलणार? पण त्यांनी सोडलं नाही. चहा आला, संपला, कप सुकले. मग प्रेमानंद हळूच म्हणाला की बाबा घरातलं घड्याळ रोज दहा मिनिटं पुढं करून ठेवत. कोणाची मेहकरची गाडी चुकू नये म्हणून. सगळ्या घराला ते ठाऊक होतं, सगळे मनातल्या मनात दहा मिनिटं वजा करत. ते गेल्यानंतर प्रेमानंदच्या पोरानं घड्याळ बरोबर लावलं, आणि दुसऱ्याच दिवशी तिघांची गाडी चुकली.

रविवारी गुरुजींनी तेवढंच सांगितलं. डायरी खिशातून काढलीच नाही. प्रेमानंदच्या आईने नंतर त्यांचे दोन्ही हात धरून ठेवले. गुरुजी भरल्या मनाने घरी आले आणि सगळा प्रकार त्यांनी अन्नपूर्णाबाईला रंगवून सांगितला. आता ती मनाई मागे घेईल, अशी त्यांची अपेक्षा होती.

"चांगलं केलं," ती म्हणाली. "पण ते त्याच्या पोरानं सांगतलं म्हणून. माहं कोणाले विचारसान?"

तेच तर! दुसऱ्या घरात घरच्यांना विचारता येत होतं. इथे घरचे ते स्वतःच होते. पंचेचाळीस वर्षं एका छपराखाली काढून आपल्याला हिच्याबद्दल काही सांगता येत नाही, या विचाराने त्यांना खरोखर लाज वाटली. उद्या तीच आधी गेली, तर तिच्या फोटोसमोर आपण बाकीच्यांसारखे हात जोडून बसायचं आणि दुसऱ्याच कोणाकडून तिची ओळख करून घ्यायची, हे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना.

मग ते तिच्याकडे बघू लागले. ती दळण निवडायला बसली की समोर बसत. ती कपडे वाळत घालू लागली की दारात उभे राहत. दोनच दिवसांत ती वैतागली.

"काऊन असे पाहून राह्यले? माह्यावर काही सांडलं का?"

"नाही, सहज."

"सहज पाहायचं वय राह्यलं का आता? जा, विहारात जाऊन बसा."

पण ते गेले नाहीत. रोज सकाळी पुढच्या ओट्यावर पेपर वाचायची त्यांची खुर्ची होती, ती त्यांनी उचलून माजघरात, स्वयंपाकघराच्या दाराशी आणून ठेवली. उजेड कमी पडत होता, तरी हट्टाने तिथेच बसले. आत भाकरी थापल्याचा आवाज सुरू झाला. आधी एक लहान, तळहाताएवढी भाकर, चानकी. तिच्या थापा कमी असतात, लगेच कळतं. ती पहिली चानकी गाईची. पंचेचाळीस वर्षं हा क्रम होता. चानकी तव्यावरून उतरली की मागचं दार वाजायचं, अन्नपूर्णाबाई गोठ्याकडे जाऊन यायची, आणि मग घरच्या भाकरी सुरू व्हायच्या. आजही मागचं दार वाजलं. गेली गाईला चानकी घेऊन, असं मनात म्हणत गुरुजींनी पेपरचं पान उलटलं.

आणि पान अर्ध्यातच राहिलं. गाय?

गाय त्यांनी स्वतः विकली होती, साखरखेर्ड्याच्या एका शेतकऱ्याला. निवृत्त झाले त्या वर्षी. अन्नपूर्णाबाईच्या गुडघ्यांना शेण-वैरण झेपेना म्हणून. त्याला आता बारा वर्षं झाली होती. बारा वर्षं रोज सकाळी त्या थापा त्यांनी ओट्यावरून ऐकल्या, तो दाराचा आवाज ऐकला, आणि रोज मनात म्हटलं, गाईला गेली.

गुरुजी उठले, अनवाणीच मागच्या दाराशी गेले आणि फटीतून बघू लागले.

रिकाम्या गोठ्यासमोर धुण्याच्या दगडावर अन्नपूर्णाबाई घराकडे पाठ करून बसली होती. हातात वाफाळती चानकी, शेजारी वाटीत तेल आणि तिखट. समोर तुरीचं शेत. ती घास तोडत होती, फुंकर घालत होती आणि डोळे मिटून सावकाश खात होती. एक पाय हलत होता, झोक्यावर बसलेल्या पोरीचा हलतो तसा. पासष्ट वर्षांची बाई! गुरुजींनी तिला कधी बसून, गरम, कोणाच्या आधी खाताना बघितलं नव्हतं. तिने शेवटचा घास वाटीतल्या तिखटात फिरवला, बोटं चाटली, थोडा वेळ तशीच बसली. ती उठायच्या आत गुरुजी खुर्चीत येऊन पेपरमागे लपले. पेपर उलटा होता.

चार दिवस त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. चारही दिवस दार वाजलं. पाचव्या दिवशी जेवण वाढता वाढता तीच म्हणाली, "झालं का तुमचं पाहणं? का अजून राह्यलं?"

"झालं."

"काय दिसलं मंग?"

गुरुजींनी घास ताटात ठेवला. "गाईची चानकी."

अन्नपूर्णाबाईचा हात भाजीच्या पळीवर तसाच थांबला. चोरी पकडल्यासारखा तिचा चेहरा झाला. आपण उगाच बोललो, तिचं तिच्याकडे राहू द्यायला हवं होतं, असं गुरुजींना वाटलं.

"मी नवी आली तेव्हा घरात अकरा माणसं होती," ती खाली बघत म्हणाली. "सारे जेवून माह्यापर्यंत येता येता भाकर थंडी होऊन जाय. रडू यायचं मले. मायच्या घरी मी गरम भाकर खाल्ल्याशिवाय शाळेत जात नव्हती. मंग गाईची चानकी घेऊन गोठ्यात गेली का अर्धी गाईले, अर्धी मले. गाईनं कोणाले सांगतलं नाही." ती जराशी हसली. "तुम्ही गाय विकली, मंग पुरीच मले."

"आन आता? आता तर आपण दोघंच हावोत. अथी बसून खात जाय ना. कोण मना करते?"

"अथी नाही लागत तशी," ती म्हणाली. "अथी मी तुमची बायको असतो, प्रेरणाची माय असतो. थ्या दगडावर मी कोणाचीच कोणी नसतो. निरी अन्नपूर्णा."

गुरुजींना त्यांच्या डायरीतलं एक वाक्य आठवलं, प्रत्येक बाईला त्यांनी चिकटवलेलं, 'स्वतः उपाशी राहून दुसऱ्याला खाऊ घालणारी'. ते किती माउल्यांच्या फोटोसमोर म्हटलं, आणि त्यातल्या कोणत्या माउलीचा कुठे कोणता दगड होता, कोणाला ठाऊक! त्यांचे डोळे भरून आले. ते लपवायला ते पाणी प्यायले.

"लोकाईत सांगसान हे?" तिने विचारलं.

"तू नाही म्हणशील तर नाही सांगणार. बोलणारच नाही. मले माहीत हाय, एवढं पुरे."

अन्नपूर्णाबाईने त्यांच्या ताटात भाजी वाढली. "सांगजा," ती म्हणाली. "पण मी गेल्यावर. जितेपणी सांगतलं त उद्या सारी वस्ती दगडापाशी येऊन बसन."

गुरुजी हसले. मग त्यांना एकदम एक शंका आली, आणि ती विचारताना आवाज मास्तरांचा राहिला नाही.

"आन मीच आधी गेलो तर? माह्यं कोण बोलन?"

"मी बोलीन ना. आता लोकाईसमोर उठायची सवय झाली मले."

"काय सांगशील?"

"सांगीन," अन्नपूर्णाबाई म्हणाली, आणि तव्यावरची गरम भाकर तिने त्यांच्या ताटात टाकली, "या माणसानं आपल्या हातानं गाय विकली, आन ते त्याच्या ध्यानात यायले बारा वर्षं लागले. पण आलं."